पेन ड्राइव्हवरून पूर्ण लॅबमध्ये विंडोज टाकलं, माझा अनुभव

२४ मशीन, सगळ्यांवर एकच इमेज (म्हणजे तयार विंडोजची पूर्ण प्रत) टाकायची, इमेज सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवलेली. खरं तर हे काम पीएक्सईचं, म्हणजे मशीन नेटवर्कवरूनच बूट करायचं. पण लॅब वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), मशीनला आयपी पत्ता देणारं डीएचसीपी आमच्या हातात नाही, आणि त्या बाजूला बदल करून घ्यायचा तर आठवडा गेला असता. म्हणून ठरवलं की विंडोज पीईचा (विनपीई, म्हणजे इन्स्टॉलच्या कामासाठीचं छोटं विंडोज) पेन ड्राइव्ह बनवायचा, त्यावरून मशीन उठवायचं आणि इमेज नेटवर्कवरून ओढायची.

पेन ड्राइव्ह बनवणं सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. एडीके (मायक्रोसॉफ्टचं विंडोज बसवायच्या साधनांचं किट) इन्स्टॉल केलं, त्यासोबत विनपीईचं ॲड-ऑन वेगळं टाकावं लागतं (विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून ते वेगळं केलंय, मी आधी नुसतं एडीके टाकून फोल्डर शोधत बसले होते). मग कॉपीपीई कमांडने ६४ बिटचा फोल्डर तयार केला आणि मेकविनपीईमीडियाने पेन ड्राइव्हवर उतरवला. ही कमांड पेन ड्राइव्ह फॉरमॅट करते, त्यामुळे आधीचा डेटा काढून घ्या.

पहिलं मशीन मस्त बूट झालं, काळी कमांड विंडो आली, मी शेअर जोडायला नेट यूज मारलं आणि उत्तर आलं सिस्टम एरर ५३, नेटवर्क पाथ सापडत नाही. मला वाटलं शेअरचं नाव चुकलं, मग सर्व्हरचा आयपी टाकून पाहिला, मग फायरवॉल बघितली, मग केबल बदलली, आणि यात सकाळ संपली. शेवटी आयपीकॉन्फिग (नेटवर्क कार्ड आणि त्याचा पत्ता दाखवणारी कमांड) मारलं तर नुसती "विंडोज आयपी कॉन्फिगरेशन" एवढी एक ओळ आली आणि खाली काहीच नाही. म्हणजे पत्ता मिळत नाही असं नव्हतंच, विनपीईला नेटवर्क कार्डच दिसत नव्हतं. मशीन नवीन, कार्डाची चिप नवीन, आणि तिचा ड्रायव्हर विनपीईमध्ये नाही.

त्या मशीनवर आधीचं विंडोज होतं, ते चालू करून डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर आयडी बघितला, त्यातला व्हेंडर आणि डिव्हाइसचा कोड लिहून घेतला. ड्रायव्हर डाउनलोड केला तर तो एक्सई निघाला, विनपीईला तो चालत नाही, उघडून आतली आयएनएफ, सिस आणि कॅट या फाइल्सच लागतात. आणि आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून आपला कोड त्यात आहे का हे शोधा, कारण एका पॅकमध्ये चार चिपांचे ड्रायव्हर असतात.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. ड्रायव्हर बरोबर आहे की नाही हे बघायला दर वेळी पेन ड्राइव्ह नव्याने बनवू नका. ड्रायव्हरचा फोल्डर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या, विनपीई चालू असतानाच ड्रायव्हर लोड करायला ड्रव्हलोड आणि पुढे आयएनएफचा पाथ द्या, मग नेटवर्क सुरू करायला डब्ल्यूपीईयूटिल इनिशिअलाइझनेटवर्क, मग परत आयपीकॉन्फिग. मी हे केलं तेव्हा कार्डाच्या मागचा हिरवा दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर पत्ता आला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पण विनपीई चालतं रॅममध्ये, एक्स ड्राइव्ह म्हणजे रॅमच, रीस्टार्ट केलं की लोड केलेला ड्रायव्हर गेला. कायमचा बसवायला कॉपीपीईने बनवलेल्या फोल्डरमधली बूट.विम (ज्यात विनपीई असतं ती फाइल) डिझम कमांडने माउंट करायची, म्हणजे बदल करायला उघडायची, ॲड-ड्रायव्हर करायचं आणि अनमाउंट करताना कमिट (म्हणजे बदल सेव्ह करा) द्यायचं. मी घाईत डिसकार्ड (म्हणजे बदल टाकून द्या) दिलं होतं, सगळं वाया गेलं आणि परत केलं. कमिट झाल्यावर मेकविनपीईमीडिया पुन्हा चालवायचं, नाहीतर पेन ड्राइव्हवर जुनीच बूट.विम राहते.

यानंतर १७ मशीन लागोपाठ झाली. उरलेल्या सातांपैकी सहा मशीन्सवर आयपीकॉन्फिगमध्ये कार्ड दिसत होतं पण पत्ता १६९.२५४ पासून सुरू होणारा. याचा अर्थ वेगळा, ड्रायव्हर ठीक आहे पण डीएचसीपीचं उत्तर वेळेत आलं नाही. ही सहा मशीन एकाच स्विचवर होती आणि त्या स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) चालू, केबलची लिंक आली की पोर्ट १५ अधिक १५ अशी साधारण ३० सेकंद डेटा सोडत नाही, आणि विनपीई तेवढ्यात विचारून मोकळं झालेलं असतं. स्विचवाल्यांना पोर्ट एज करायला, म्हणजे न थांबता लगेच डेटा सोडेल असा करायला, सांगितलं, पण ते होईपर्यंत मी स्टार्टनेट.सीएमडीमध्ये (विनपीई सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) डब्ल्यूपीईइनिट या कमांडनंतर थोडं थांबून पत्ता परत मागायला आयपीकॉन्फिग रिन्यू टाकलं, काम झालं.

शेवटच्या एका मशीनवर पत्ता बरोबर, पिंग बरोबर, तरी शेअर जोडताना एरर १३९८, म्हणजे सर्व्हर आणि मशीनच्या वेळेत फरक. मदरबोर्डचा सेल संपलेला, तारीख कित्येक वर्षं मागे. डेट आणि टाइम कमांडने तारीख-वेळ दुरुस्त केली, शेअर लगेच जोडलं गेलं, सेल नंतर बदलला.

अजून एक, डिस्कपार्टचं क्लीन (निवडलेली डिस्क पुसणारी कमांड) स्क्रिप्टमध्ये आपोआप चालेल असं टाकू नका. आमच्या एका मशीनवर डिस्क ० हार्ड डिस्क नव्हती, पेन ड्राइव्ह होता. आधी लिस्ट डिस्क, साइज बघा, मग हाताने निवडा, हे मी प्रत्येक मशीनला केलं, वेळ लागला तरी.

आता तसे चार पेन ड्राइव्ह करून ठेवलेत, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून बनवल्याची तारीख आणि आत कुठल्या चिपचे ड्रायव्हर आहेत ते लिहिलंय. नवीन मशीन आलं की विंडोज पुसायच्या आधी त्याचा हार्डवेअर आयडी टिपून ठेवते.