तेन्ना आमी खंय आशिल्ले?

काल टी.वाय.ला रश्दींची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' ही कादंबरी चालू होती. 15 ऑगस्ट 1947, रात्रीचे बारा, देश आणि नायक सलीम एकाच क्षणी जन्मतात वगैरे. दरवर्षीचं. मागच्या बाकावरून बार्देसची ती पोरगी म्हणाली, "मिस, तेन्ना आमी खंय आशिल्ले?" तेव्हा आम्ही कुठे होतो? वर्ग हसला. मीही हसले.

तेव्हापासून चैन नाही. उत्तर तर पाठ आहे. आम्ही गोवेकर पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या, सालाझारच्या राज्यात होतो. त्या मध्यरात्री आमचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात कैदेत होते, आणि आमच्याकडे उजाडलं 19 डिसेंबर 1961ला. पण 'आपला देश जन्मला' असं वर्गात म्हणताना मी मनाने दिल्लीत असते. वसाहतवाद म्हणजे इंग्रज, हे मी पोरांच्या डोक्यात भरत आले. लॅम्बर्ट मास्कारेन्यस यांची पोर्तुगीज अमलातल्या गोव्यावरची कादंबरी 1955ची, इंग्रजीतच लिहिलेली. आमच्या यादीत ती नाही. दुसऱ्यांच्या लग्नात पंगत वाढत फिरावं तशी मी.

आणि हे बोलायचं कोणाकडे? स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेपर तपासायचेत.

रात्री नानांना विचारलं, त्या पंधरा ऑगस्टला घरी काय चाललं होतं? म्हणाले, "मी पाळण्यात होतो, मला काय विचारतेस? एकसष्टला पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा पूल उडवला तेव्हाचं विचार." मग शाळेत घोकलेलं पोर्तुगालचं राष्ट्रगीत दोन ओळी म्हणून दाखवलं, सुरात. वाड्यावर झेंडावंदनाला सगळ्यांत आधी इस्त्रीचा सदरा घालून उभे असतात तेही हेच. यांची राष्ट्रीय अस्मिता कुठल्या रकान्यात बसवू?

रकाना खरंच आहे. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या फॉर्मात 'कोर्स आउटकम'खाली लिहायचं असतं : विद्यार्थ्यांत राष्ट्रीय अस्मिता दृढ होईल. मागच्या वर्षीचं वाक्य तसंच चिकटवलं. मास्कारेन्यस मात्र अवांतर वाचनात घुसडले. लायब्ररीत एकच प्रत आहे, आळीपाळीने वाचतील. वाचतील म्हणजे, झेरॉक्स काढतील.

आज ती पोरगी तास संपल्यावर आली. मला वाटलं, प्रश्नाचं पुढचं काही असेल. मंगळवारी येणार नाही म्हणाली. आजोबांच्या जन्माची लिस्बनला नोंद करायचीय, पोर्तुगीज पासपोर्टसाठी, वकिलाने पणजीला बोलावलंय. हजेरी लागेल का, विचारत होती.