कमरेचे पिस्तूल आणि आपली मुले

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्याविषयी उर्वरित महाराष्ट्राला जे काही नव्याने समजले, त्यात या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची बाबही होती. त्या हत्येत बंदूक वापरली गेली नव्हती; तरीही कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांची आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांची जी दृश्ये तेव्हा वाहिन्यांवर झळकली, ती आम्हा इथल्या लोकांच्या परिचयाचीच होती. प्रशासनाने परवान्यांची छाननी केली आणि अनेक परवाने रद्द केले, हे योग्यच झाले. परंतु ही शस्त्रे बघत मोठ्या होणाऱ्या मुलांचे काय, याविषयी त्या साऱ्या चर्चेत फारसे कोणी बोलले नाही. अंबाजोगाईत महाविद्यालयीन मुलामुलींना शिकवणारी आणि राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पाहणारी एक शिक्षिका म्हणून मला ते बोलणे आवश्यक वाटते.

आपली मुले बंदुकीविषयी शिकतात, ते मोठ्यांच्या वागण्यातून शिकतात. लग्नाच्या मांडवात पुढच्या सोफ्यावर बसताना सदरा थोडा वर सरकवून पिस्तुलाची मूठ दिसू देणारे पाहुणे, वरातीत घोड्यापुढे आकाशाकडे नळी रोखणारा नवरदेवाचा मित्र आणि वाढदिवसाच्या रीलमध्ये केकशेजारी ठेवलेले हत्यार, हे सर्व सोळा वर्षांचा मुलगा बारकाईने पाहत असतो. शस्त्र हे चारचौघांना दिसण्यासाठी असते आणि ते दिसले की माणसे वाट सोडून उभी राहतात, एवढेच त्याच्या मनावर ठसते. ते शस्त्र भरलेले आहे का, नळी कुठे रोखली आहे, सुटलेली गोळी कुठे जाऊन पडेल, हे प्रश्न त्याच्या मनात येत नाहीत, कारण त्याच्यासमोर ते कोणी कधी विचारलेलेच नसतात.

वास्तविक कायद्याने ही मिरवणूक मुळीच मान्य केलेली नाही. अनेक परवानाधारकांची अशी प्रामाणिक समजूत असते की परवाना मिळाला म्हणजे शस्त्र उघडपणे बाळगण्याचा अधिकार मिळाला. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते खोळीत आणि पूर्ण झाकलेले असले पाहिजे. लग्न, जत्रा, मिरवणूक किंवा सभेत ते परजण्यास आणि त्यातून बार काढण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात निष्काळजीपणे केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. १९५९ च्या मूळ शस्त्र कायद्यातील आजच्या तरतुदीनुसार एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी मात्र नियमांच्या चौकटीत, प्रौढ प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली सवलत आहे.

अमेरिकेतील परिस्थिती याहून वेगळी आहे. तेथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन शस्त्र बाळगण्याला हक्क मानले जाते आणि बहुसंख्य राज्यांत ते उघडपणे कमरेला लावून बाजारात जाता येते. शस्त्र डोळ्यांना दिसले की गुन्हेगार दूर राहतो, असे त्या पद्धतीचे समर्थक सांगतात. हा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो आणि तो पूर्णपणे झटकून टाकावा असा नाही. गावापासून दूर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणाऱ्या कुटुंबाला दरोडेखोरांची भीती असते, आणि रात्री पोलीस पोहोचेपर्यंत होऊ नये ते होऊन जाते. अशा कुटुंबाने रीतसर परवाना घेऊन बंदूक ठेवली तर माझी हरकत नाही. मात्र आखाड्यावरच्या भीतीचे कारण सांगून मिळवलेले शस्त्र तालुक्याच्या बाजारपेठेत दाखवत फिरण्याला कोणते कारण आहे, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. त्याच अमेरिकेत २०२० पासून लहान व किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदुकीची गोळी हे ठरले आहे, हेही त्या युक्तिवादासोबत ठेवले पाहिजे.

तेथील शिक्षणाच्या प्रयोगातून मात्र आपल्याला घेण्यासारखे काही आहे. तेथील रायफलधारकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८८ मध्ये लहान मुलांसाठी गरुडाचे चित्र घेऊन एक कार्यक्रम सुरू केला, ज्यात बंदूक दिसली तर थांबावे, हात लावू नये, तेथून पळावे आणि मोठ्यांना सांगावे, असे शिकवले जाते. उपदेशात चूक काढण्यासारखे काही नाही. पण पुढे संशोधकांनी निकामी केलेले पिस्तूल मुलांना सापडेल असे ठेवून पाहिले, तेव्हा चारही वाक्ये न अडखळता म्हणणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी ते उचलून हाताळले. ज्यांच्याकडून तीच कृती प्रत्यक्ष करवून घेतली होती आणि चुकल्यावर जागेवरच पुन्हा करवून घेतली होती, ती मुले बरीच सरस ठरली. प्रतिज्ञा आणि घोषवाक्ये पाठ करवून घेण्यावर आपल्या शाळांचा किती विश्वास आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या निष्कर्षाकडे गांभीर्याने पाहावे.

कृतीतून येणारी ही समज कशी असते, ते मी छात्रसेनेच्या फायरिंग रेंजवर पाहिले आहे. छात्रांना पॉइंट टू टू रायफल हाताळायला मिळते, परंतु त्याआधी तिचे भाग ओळखणे, साफसफाई, पडून नेम धरण्याची स्थिती आणि श्वासावरचा ताबा यांत पुष्कळ वेळ जातो, आणि नुसता बार काढायला उत्सुक असलेली मुले सुरुवातीला त्याला कंटाळतात. गोळी मिळते तेव्हा लक्ष्य अवघ्या पंचवीस मीटरवर असते. तीच लहानशी गोळी मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, हे सांगितले की लक्ष्यामागचा मातीचा उंच बांध कशासाठी आहे ते त्यांच्या लक्षात येते. ‘भर’ म्हटल्याखेरीज भरायचे नाही, नळी सदैव लक्ष्याकडेच ठेवायची, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे, आणि ‘खाली कर’ व ‘जाँच शस्त्र’ हे हुकूम झाले की आपली रायफल रिकामी असल्याचे दुसऱ्याने पाहून खात्री करेपर्यंत जागचे उठायचे नाही. गावात गावठी कट्ट्याच्या, म्हणजे बेकायदा बनवलेल्या पिस्तुलाच्या, गप्पा मारणारा मुलगाही हे सारे केल्यानंतर रायफल दोन्ही हातांनी, जपून परत देतो. एका फेरीने स्वभाव पालटतो असा माझा दावा नाही. पण शस्त्राचा रुबाब उतरून त्याची जबाबदारी जाणवू लागलेली मी अनेकांच्या वागण्यात पाहिली आहे. नेमबाज अंजली भागवत छात्रसेनेतूनच या खेळाकडे वळल्या, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. बंदुकीशी नाव जोडलेली ही माणसे आमच्या मुलांना परळी, केज, गेवराईच्या रीलवाल्यांइतकी ओळखीची असती, तर मला अधिक समाधान वाटले असते.

परंतु छात्रसेनेत थोडीच मुले येतात आणि प्रत्येकाच्या हाती रायफल देणे शक्यही नाही, इष्टही नाही. सर्वांना द्यायचे शिक्षण वेगळे आहे आणि ते परवानाधारकाच्या घरापासून सुरू व्हायला हवे. मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत फार घातक आहे, कारण आधीच नळीच्या मागच्या टोकात चढलेले काडतूस तेथेच राहते. शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. खंडेनवमीला आपल्या घरांत शस्त्रांची पूजा होते, मुले हौसेने हळदकुंकू वाहतात, आणि मग त्याच ताटातले पिस्तूल उचलून फोटो काढले जातात. पूजेआधी घरातल्या जाणत्याने सर्वांसमोर ते रिकामे करून तपासावे, काडतुसे ताटात ठेवू नयेत आणि पूजेनंतर फोटोसाठी कोणी शस्त्र हाती घेऊ नये, एवढे पाळले तर पूजेत कोणतीही उणीव राहत नाही.

गावठी कट्ट्यांविषयी मुलांशी अधिक स्पष्ट बोलावे लागेल. कट्ट्याची नळी झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकते आणि तो धक्क्यानेही सुटू शकतो. शिवाय विनापरवाना शस्त्र जवळ सापडले तर किमान दोन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, हे मित्रासाठी ‘दोन दिवस’ पिशवी सांभाळणाऱ्या मुलाला माहीत नसते. वसतिगृहाच्या खोलीत असे काही दिसले तर हात न लावता बाहेर पडावे, इतरांनाही बाहेर काढावे आणि शिक्षकांना किंवा ११२ वर कळवावे, हे त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून घेतले पाहिजे. तक्रार करणारा म्हणून आपले नाव गावभर होईल, ही त्याची भीती खरी आहे, आणि ती दूर करण्याची जबाबदारी शाळेची व पोलिसांची आहे. यंदा दसऱ्याच्या आधी पालकांना बोलावून, निकामी केलेले शस्त्र समोर ठेवून असा सराव घेण्याचा प्रस्ताव मी प्राचार्यांना दिला आहे, आणि पहिल्या रांगेत परवानाधारक पालकांनी बसावे अशी त्यात स्वतंत्र विनंती केली आहे.