संदर्भसूची: आधी प्रकार, मग स्वल्पविराम

प्रबंध लिहून झाल्यावर संदर्भसूचीला दोन दिवस पुरतील असं मी धरलं होतं. लागले बारा. नोंदी १४०, पद्धत एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची), सातवी आवृत्ती.

सुरुवातच चुकली. मी वरून खाली एकेक नोंद तपासत निघाले. पुस्तकामागे लेख, लेखामागे अहवाल, दर ओळीला नियम वेगळा. तिसऱ्या दिवशी ते थांबवलं आणि नोंदींचे गठ्ठे केले: पुस्तकं, नियतकालिकांतले लेख, संपादित ग्रंथांतली प्रकरणं, अहवाल, वेबपानं. मग काम पळायला लागलं. लेखाचं शीर्षक साध्या ठशात, नियतकालिकाचं नाव आणि खंड क्रमांक तिरप्या ठशात, कंसातला अंक पुन्हा सरळ. एकदा हात बसला की पन्नास लेख एका बैठकीत होतात.

खरी गोम निघाली संपादित ग्रंथात. एक प्रकरण मी सुटं उतरवून घेतलं होतं. संदर्भ नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते 'पुस्तक' म्हणून नोंदवलं आणि लेखकाच्या जागी संपादकांची नावं बसवली. मीही मजकुरात चार ठिकाणी तीच दिली होती. म्हणजे जिने ते प्रकरण लिहिलं, तिचं नाव माझ्या अख्ख्या प्रबंधात कुठेच नव्हतं! फार अपराधी वाटलं. नोंद नव्याने लिहिली: आधी तिचं आडनाव आणि आद्याक्षरं, कंसात वर्ष, प्रकरणाचं शीर्षक, मग संपादक (इथे मात्र आद्याक्षरं आधी, आडनाव नंतर), तिरप्या ठशात ग्रंथाचं नाव, कंसात पृष्ठं, शेवटी प्रकाशक. प्रकाशकाचं गाव द्यायचं नाही; २०१९ साली आलेल्या या आवृत्तीने ते काढून टाकलंय. जुने प्रबंध समोर ठेवून केलेल्या माझ्या नोंदींत ते जिथेतिथे होतं.

त्यानंतर सॉफ्टवेअरवर विसंबणं सोडलं. उरलेली प्रत्येक नोंद मूळ पानाशी ताडून पाहिली. डीओआय, म्हणजे लेखांचे कायमचे डिजिटल ओळखक्रमांक, पूर्ण दुव्याच्या रूपात दिले आणि त्यापुढचा पूर्णविराम खोडला.

शेवटी उरला एका अभ्यासकांनी मला पाठवलेला ईमेल. त्यांनी माझी मोठी शंका फेडली होती, म्हणून मी तो आवर्जून सूचीत घातला होता. पण वाचकाला जे मिळवून वाचता येत नाही, ते सूचीत येत नाही. ती नोंद काढली. मजकुरात त्यांचं नाव, 'वैयक्तिक पत्रव्यवहार' हे शब्द आणि पूर्ण तारीख ठेवली.