पाइप सापडल्यावरही

शनिवार, रात्री उशिरा

भाची इथल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकते. जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून मामाला काहीतरी दाखवायचं, हा तिचा शिरस्ता. बहुतेक वेळा मला मधेच डुलकी लागते आणि ती चिडते. आज लागली नाही.

सिनेमा कुनिओ कातो या जपानी दिग्दर्शकाचा, 2008 सालचा, जेमतेम बारा मिनिटांचा. नाव मात्र फ्रेंच, 'ला मेझाँ आं पेती क्यूब', म्हणजे लहान लहान ठोकळ्यांचं घर. पेन्सिलीच्या खरबरीत रेघा, मातकट पिवळा नि शेवाळी हिरवा रंग. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी चकार शब्द बोलत नाही.

एक म्हातारा आहे. गाव पाण्याखाली गेलंय आणि पाणी चढतंच आहे. का चढतंय, कुणामुळे चढतंय, असल्या चौकशीत सिनेमा पडत नाही. खोलीत पाणी आलं की म्हातारा विटा रचून डोक्यावर आणखी एक खोली बांधतो, सामान वर चढवतो, जमिनीतल्या झडपेतून गळ सोडून मासे धरतो आणि टीव्ही बघत एकटाच जेवतो. टेबलावर एक पेला. एका खेपेला सामान हलवताना त्याचा पाइप सुटतो आणि झडपेतून खाली, बुडालेल्या खोल्यांत जातो. नावेतून माल विकणारा एक फेरीवाला येतो. त्याच्याकडे नवे पाइप आहेत, पण म्हाताऱ्याच्या मनाला एकही येत नाही. मग त्याच फेरीवाल्याकडून तो पाणबुड्याचा पोशाख घेतो, अंगावर चढवतो आणि खाली उतरतो.

पाइप लवकरच सापडतो. उचलताना त्याला बायको दिसते. कधीतरी असाच पडलेला पाइप तिनं उचलून त्याच्या हातात दिलेला असतो. बस, एवढंच. काम झालं, आता वर यायला हरकत नाही. पण म्हातारा वर येत नाही. तो त्या खोलीतली झडप उघडतो आणि आणखी खाली जातो.

मला सिनेमा लागला तो इथे. तोवर मी एक गोड गोष्ट बघत होतो.

खाली एका मजल्यावर पलंग आहे. त्यावर आजारी बायको, उशाशी तो. आणखी खाली लेक, जावई, नातवंड, सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो. त्याच्या खाली लेक लग्नाची, मग शाळकरी, मग रांगती. माणूस खाली उतरतोय आणि काळ मागे जातोय. अगदी तळाशी जुनं घर. हे घर दोघांनी मिळून बांधलेलं, वीट तिनं द्यायची नि त्यानं लावायची.

बायको मरताना दाखवलेलीच नाही. एका खोलीत ती पलंगावर आहे आणि त्याच्या वरच्या कुठल्याही खोलीत ती नाही, एवढ्यावरून आपण समजून घ्यायचं. भाचीला म्हटलं, थांब, पुन्हा लाव. पुन्हा बघताना लक्षात आलं की वरच्या खोल्या लहान होत गेल्यात. एकट्या माणसाला लागतं तरी किती? वरच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि तो टीव्ही, झालं. हे सांगायला निवेदक असता तर त्यानं पाच मिनिटं खाल्ली असती. जपानमध्ये पुढे निवेदन घातलेली आवृत्तीही निघाली म्हणे. कुणाला हौस आली असेल, देव जाणे.

याच सिनेमाला 2009 मध्ये ऑस्कर मिळालं. ती तीच रात्र, ज्या रात्री रहमाननं 'जय हो'साठी बाहुली उचलली. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती आणि ऑफिसात काम सोडून सगळे टीव्हीपुढे. त्याच मंचावर एक लाजरा जपानी माणूस आला आणि मोडक्या इंग्रजीत त्यानं स्वतःच्या पेन्सिलीचे आभार मानले, हे आपल्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. मला आज भाचीनं सांगितलं.

रविवार, दुपारी

झोप नीट लागली नाही. रात्रभर मावशी आणि काका डोळ्यांपुढे होते.

काल मी म्हटलं की निवेदक पाच मिनिटं खाईल. पण नुसत्या वेळेचा प्रश्न नाही. त्या म्हातारा-म्हातारीत बोलणं तसंही फारसं झालंच नसणार. म्हणजे सिनेमावाल्यानं मुद्दाम शब्द काढून टाकलेत असं नव्हे, ते तिथे नव्हतेच. माझ्या मावशीच्या संसारात तरी कुठे होते? काका सकाळी पेपर उघडायचे, पहिलं पान वाचून झालं की मधली पानं काढून न बघताच शेजारी सरकवायचे, आणि मावशी ती न बघताच घ्यायची. जेवण झाल्यावर सुपारीची डबी त्यांच्या हाताशी असायची. ती भरताना मी मावशीला कधी बघितलं नाही, पण रिकामीही कधी दिसली नाही. 'प्रेम' हा शब्द त्या घरात फक्त टीव्हीवरच्या मालिकांमधून ऐकू यायचा, आणि तेव्हा काका आवाज कमी करायचे.

दोघं इथेच नागपुरात, अंबाझरी लेआउटमध्ये राहायची. खाली दोन खोल्या नि हॉल, बाहेरून जिना, वर एक खोली नि गच्ची.

22 सप्टेंबर 2023, शुक्रवार. महालक्ष्म्यांचं जेवण होतं, म्हणून मी मुक्कामालाच गेलो होतो. आमच्याकडे विदर्भात महालक्ष्म्या म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. सोळा भाज्या, पुरण, कढी-वडे, ज्वारीची आंबील. संध्याकाळी पंगतीवर पंगती उठल्या. पाहुणे गेले, भांडी घासून पालथी घातली, आणि हॉलमध्ये ज्येष्ठा-कनिष्ठा शालू नेसून, डोक्यावर फुलोरा घेऊन उभ्या. दुसऱ्या दिवशी विसर्जन.

त्या रात्री चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी, जिला आम्ही एरवी सरळ नालाच म्हणतो, आपलं नदीपण दाखवायला निघाली. आमच्याकडे पाणी दारातून आधी आलं नाही. बाथरूमच्या जाळीतून आलं. आधी बुडबुड आवाज, मग काळं, वास मारणारं पाणी. मावशी दारात येऊन म्हणाली, "ऊठ बापा, पाणी येऊन राहिलं." लाइट गेलेली. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर फरशी दिसत नव्हती.

माझं पहिलं लक्ष कपाटाकडे. कागदपत्रं, दागिने, काय काय. मी नुसता ओरडत होतो, हे घ्या, ते घ्या. ती दोघं महालक्ष्म्यांपुढे उभी. पाणी पिंडऱ्यांना लागलेलं. मावशीनं ताटातल्या अक्षता घेतल्या आणि दोघींवर टाकल्या. विसर्जनाला टाकतात तशा, फक्त काही तास आधी. काकांनी मुखवटे काढले. एक तिच्या हातात दिला, एक स्वतः धरला, आणि दोघं जिन्याकडे चालू लागली. मग शालू. मग फुलोऱ्यातल्या करंज्यांची पिशवी, ती का, ते अजून मला कळलेलं नाही. काका खालच्या पायरीवर उभे राहून देत होते, ती मधे, मी वर. सत्तरीतली माणसं. तेवढ्या वेळात त्या दोघांत एक शब्द झाला नाही. कुणी काय उचलायचं, कुणी कुठे थांबायचं, सगळं ठरल्यासारखं.

थोड्या वेळानं फ्रिज तरंगला आणि आडवा झाला. त्याचा धप्प आवाज वरपर्यंत आला. काका मावशीकडे बघून हसले. मला तेव्हा राग आला होता.

सकाळी गल्लीत रबरी बोट आली. शहरात काही माणसंही गेली त्या पुरात, ते नंतर कळलं. पाणी उतरल्यावर खाली हे एवढा गाळ. कोठीतले गहू फुगून आले होते, दोन दिवसांनी त्यांचा असा आंबूस कुजका वास सुटला की शेजारची पोरं नाक धरून जायची. अल्बम त्या जुन्या चिकट पानांचे. वाळवायला गच्चीवर टाकले तर रंग ओघळून लग्नातल्या सगळ्या माणसांचे चेहरे गुलाबी-पिवळे झाले होते. सिनेमातल्या पाण्यात म्हाताऱ्याला सगळं जसंच्या तसं सापडतं. तेवढं एक मला पटलं नाही. असो, ते समुद्राचं पाणी, आमचं नाल्याचं.

पुढच्या थंडीत काका गेले. अंबाझरी घाटावर नेलं. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण नागपुरात अग्नी दिल्यावर तिथेच शोकसभा होते. शेडमध्ये बाकांवर माणसं बसतात, कुणीतरी संचालन करतो, एकेक जण उठून चार शब्द बोलतो आणि शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं. काकांच्या वेळी ऑफिसातले बोलले, वॉर्डातले एक पुढारी बोलले, ज्यांना काकांचं नाव मागून कुणीतरी सांगितलं. 'मनमिळाऊ स्वभाव' आणि 'न भरून निघणारी पोकळी' हे दोन्ही येऊन गेलं. काका मनमिळाऊ अजिबात नव्हते. तुसडे होते, आणि ते त्यांना शोभायचं.

आणि आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. तेव्हा काकांबद्दल जे काही बोललं गेलं ते आम्ही पुरुषांनीच बोललो आणि पुरुषांनीच ऐकलं. मावशी घरी होती. आम्ही परतलो तेव्हा बंब पेटलेला होता आणि अंगणात बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. कडुनिंबाची पानं कुणी आणून ठेवली विचारलं तर म्हणाली, "मीच." एवढंच बोलली त्या दिवशी. मी घाटावर जे ऐकून आलो होतो, ते तिला सांगायची सोय नव्हती. आज वाटतं, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

मंगळवार

संध्याकाळी भाचीला घेऊन मावशीकडे गेलो. खालच्या खोल्या तिनं गेल्याच वर्षी विद्यार्थ्यांना भाड्यानं दिल्या आणि स्वतः वर राहायला गेली. मला वाटायचं, काकांच्या आठवणींमुळे खाली करमत नसेल. तर म्हणते, "काहून करमणार नाही? भाडं येतं ना." भिंत रंगवून घेतली, तरी कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ पुन्हा पुन्हा वर येते, पोपडे धरतात. त्यावरून ती पेंटरला दर खेपेला झापते.

सिनेमा दाखवावा की नाही, अशा द्विधेत होतो. काकांना जाऊन फार काळ झालेला नाही. भाचीनं माझं ऐकलंच नाही. "मावशीआजी, बारा मिनिटं बस," म्हणत लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.

मी सिनेमा कमी आणि मावशीला जास्त बघत होतो. पलंगाच्या प्रसंगाला रडेल असं वाटलं. रडली नाही. म्हातारा विटा लावत होता तेव्हा मात्र पुढे वाकून म्हणाली, "ओल्या भिंतीवर माल धरतो का असा?" पाइपवाला फेरीवाला आला तेव्हा म्हणाली, "घे ना बाबा एखादा, एवढे ठेवले त्यानं." पाइप सापडल्यावर म्हातारा झडप उघडून आणखी खाली गेला, तेव्हा काहीच बोलली नाही. चष्मा काढून पदरानं पुसला. चष्म्यावर धूळ असेलही.

शेवटी म्हातारा तळाशी सापडलेला पेला वर आणतो. टेबलावर दोन पेले मांडतो, दोन्हींत ओततो आणि आपला पेला दुसऱ्याला लावतो. किणकिण. सिनेमात शब्द नसले तरी आवाज आहेत. पाण्याचे, विटेवर वीट ठेवल्याचे, आणि हा. तो आवाज मावशीनं पुन्हा ऐकवायला लावला. मग विचारलं, "दारू आहे का ती?"

"वाइन आहे, मावशीआजी."

"तेच ते."

मग थोडा वेळ गप्प. मला वाटलं, आता काकांचं काही बोलेल. मी तयारीत होतो, खरं सांगायचं तर त्यासाठीच गेलो होतो. ती म्हणाली, "याची पोरगी कुठे आहे?"

भाची म्हणाली, तसं दाखवलेलं नाही.

"फोटोत होती ना. जावई होता, लेकरू होतं. बाप एकटा विटा उचलून राहिला, अन् हे कुठे गेले सगळे?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं हे. मी सगळा वेळ बायकोला धरून बसलो होतो. मावशीचा मुलगा पुण्याला असतो, महालक्ष्म्यांना येतो, यंदा सुट्टीचं नक्की नाही म्हणाला. मी विषय बदलायला बघितलं. भाचीला कुठलं एवढं तारतम्य, ती म्हणाली, "निवेदनवाली पण आहे एक, मावशीआजी. त्यात सांगितलं असेल कदाचित. लावू शोधून?"

"नको," मावशी म्हणाली, लॅपटॉप मिटून तिच्या हातात देत. "त्यात काय ऐकायचं? पुण्याला असेल."