बाबांची गाडी थांबवताना

बाबांच्या वॅगनआरच्या डाव्या बाजूला ओरखडे वाढत चालले होते. उजवी बाजू मात्र स्वच्छ. "लोक कशाही गाड्या लावतात," म्हणायचे. मग साताऱ्यात पोवई नाक्याजवळ डावीकडून आलेला स्कूटीवाला त्यांना दिसलाच नाही. पोरगा खरचटण्यावर वाचला, पण त्या रात्री आईच्या घशाखाली घास उतरला नाही.

"वय झालं, आता पुरे" म्हटलं की बाबा आणखी हट्टाला पेटायचे. वय ७८, पण डोकं तल्लख, रोजचा पेपर चष्म्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्याच वर्षी लायसन्सची मुदत संपत होती. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि सोबत डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का, असा एक प्रश्न त्यात आहे. बाबांना ती सहज ओळखता येत होती! म्हणून सहीपुरता डॉक्टर न शोधता मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेलं.

तिथेही तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी वाचली. डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून डॉक्टरांनी फील्ड टेस्ट सांगितली. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या खुणेवरून नजर हलवायची नाही आणि बाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. मध्येच बराच वेळ बटण वाजायचंच नाही.

काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. त्यात समोरचं शेवटपर्यंत नीट दिसू शकतं, कडेचं जात राहतं, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं जपायचं. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे वाचण्यात गेली. टेस्टच्या छापील कागदावरचा काळा, म्हणजे न दिसणारा भाग त्यांनी बोटाने दाखवला आणि विचारलं, "म्हणजे तो पोरगा इथे होता?" डॉक्टर "हो" म्हणाले. किल्ली त्यांनी तिथेच माझ्या हातात दिली. लायसन्सचा अर्ज केलाच नाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, कारण किल्ली काढून घेतली आणि माणूस घरात बसवला, तर तो खचतो. त्यांचा जीव कोरेगावच्या शेतात. तिथे ते आता एसटीने जातात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, तरी सुरुवातीला "फुकट कशाला" म्हणून अडून बसले. आता कंडक्टर ओळखीचे झालेत. रात्रीच्या लग्नकार्याला गल्लीतला एक मुलगा ठरवलाय, तो आमचीच गाडी चालवतो. पैसे बाबाच देतात, वेळही तेच ठरवतात. यात आम्ही मुलं पडत नाही.

काचबिंदूचा धोका रक्ताच्या नात्यात जास्त, म्हणून डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितलंय. माझे डोळे तपासून झाले. भाऊ दिवाळीत आला की त्याला नेणार आहे.