काळा कोरीव वाडगा: कोरून झाला, आता घोटाई

वाडग्याचं कोरीव काम उरकलं. भिंत मुद्दाम जाड ठेवली होती, कारण चर खोल गेले तरच नक्षी उठून दिसते. पण जाड भिंत म्हणजे सावकाश वाळवणं आलं. काठ सुकला आणि बूड ओलं राहिलं की तडा ठरलेला, म्हणून काठावर ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या सान्ता क्लारा प्वेब्लो या मूलनिवासी गावच्या कुंभार मार्गारेट तफोया (१९०४–२००१) हीच कसरत अवाढव्य रांजणांवर करत, तीही चाकाशिवाय, वळ्या रचून. शेजारच्या सान इल्डेफॉन्सोच्या मारिया आणि ज्युलियन मार्टिनेझ यांचं काळ्यावर काळं काम जास्त प्रसिद्ध आहे, पण ते रंगवलेलं: चकचकीत पृष्ठभागावर मंद काळी नक्षी. मला कोरलेलंच जास्त भावतं. त्यात सावलीसुद्धा नक्षीचा भाग होते.

तफोयांच्या भांड्यांवर अस्वलाचा पंजा असतो. अस्वलाला पाणी कुठे आहे ते ठाऊक असतं, अशी तिथली समजूत. अवान्यू हा शिंगवाला जलसर्पही तिथलाच. ती चिन्हं त्या घराण्यांची आहेत, आपण उचलू नयेत असं माझं मत. मी साधे तिरके पट्टे घेतलेत.

आता घोटाई. लोहयुक्त मातीची पातळ स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेल्या मातीचा लेप, लावायची आणि ती ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटायची. तिकडे असे दगड आईकडून मुलीकडे जातात. माझ्याकडे नदीतल्या गारगोट्या आहेत. चपटी गारगोटी अरुंद पट्ट्यावर फिरवली की कडेवरून घसरते आणि कड बोथट होते, तिथे बोराएवढीच चालते. आधी दगड ओढल्यासारखा लागतो, खरखर ऐकू येते, मग एकदम सरकायला लागतो. तिथून चकाकी धरते. मध्येच उठायची सोय नाही, दारावरची बेल वाजली तरी. चर तसेच मंद ठेवायचे.

काळा रंग येतो तो भट्टीत. उघड्या जाळावर भांडं तापलं की त्यावर घोड्याच्या लिदीची पूड लोटून जाळ कोंडतात. हवा तुटते, स्लिपमधल्या लोहाचा ऑक्सिजन जातो, धुराचा कार्बन मातीत मुरतो. जाळ कोंडलाच नाही तर तेच भांडं लाल निघतं. आच फार वाढवली तर घोटलेली चमक जाते, म्हणून भाजणं बेताचंच. अशा भांड्यात पाणी साठवता येत नाही, ते झिरपतं.

लीद मिळाली नाही तर गोवऱ्यांची पूड आणि लाकडाचा भुसा वापरणार आहे. आधी त्याच मातीची, त्याच स्लिपची एक कोरीव पट्टी भाजून बघेन. ती तपकिरी निघाली तर हवा कुठून तरी शिरतेय, आणि तोवर वाडगा फळीवरच राहील.