चेंडू नसलेल्या बाजूला

फुटबॉलच्या मध्यंतराला पंधरा मिनिटं मिळतात. या पंधरा मिनिटांत टीव्हीवर कोट घातलेले तीन माजी खेळाडू आपण आत्ताच पाहिलेलं आपल्यालाच समजावून सांगत बसतात. मी आवाज बंद करते आणि कादंबरी उघडते. माझ्या वेगाने आठ-नऊ पानं होतात. अडचण एवढीच की, कुठल्याच लेखकाने प्रकरणं मध्यंतराच्या मापाने बेतलेली नसतात. शिट्टी वाजते तेव्हा नायक नेमका कुणाच्या तरी दारावर थाप मारून उभा असतो. पुढची पंचेचाळीस मिनिटं बिचारा तसाच ताटकळतो.

अशा वाचनामुळे पुस्तकं आणि सामने डोक्यात एकमेकांत कालवले जातात. त्यात भर म्हणून अलीकडे पीटर हांडके या ऑस्ट्रियन लेखकाची एक कादंबरी हाती लागली. मूळ जर्मन, 1970 सालची. नावातच गोलरक्षक आहे, पेनल्टी आहे आणि त्या वेळची त्याची धास्तीही आहे. नाव वाचून मी हुरळले आणि पस्तावले. योझेफ ब्लोख हा एकेकाळचा गोली. नोकरी गेली असं समजून तो भटकतो, एक खून करतो, सीमेजवळच्या गावात जाऊन राहतो. हे सगळं होतं, पण फुटबॉल काही येत नाही. चेंडूची वाट पाहत मी पानं उलटत राहिले.

चेंडू येतो तो अगदी शेवटी. ब्लोख एक सामना बघत उभा असतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतो की, चढाई चालू असताना चेंडूवरची नजर काढून गोलरक्षकाकडे बघत राहणं फार कठीण असतं. मग पेनल्टी मिळते. गोली जागचा हलत नाही आणि चेंडू थेट त्याच्या हातात येतो. (शेवट सांगून टाकला. पण रहस्यासाठी वाचायची ही कादंबरीच नव्हे.)

‘जागचा हलत नाही’ हे वाटतं तितकं साधं नाही. इस्रायली संशोधकांनी 2007 साली एक अभ्यास छापला होता. त्यांनी 286 पेनल्ट्या तपासल्या. जवळजवळ 29 टक्के फटके मधोमध आले होते, पण गोलरक्षक मध्येच उभा राहिला तो फक्त 6 टक्के वेळा. बाकी सगळ्या वेळी त्याने डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप घेतली. मला तर हे अगदी पटतं. झेप घेऊन गोल खाल्ला तर लोक ‘प्रयत्न तरी केला’ म्हणतात. उभं राहून खाल्ला की तोच माणूस खांब ठरतो.

हांडके वाचल्यावर मी टीव्हीसमोर चेंडू सोडून गोलीकडेच बघण्याचा प्रयोग करून पाहिला आणि दोन मिनिटांत सोडून दिला. कॅमेरा चेंडूमागे पळतो. लांबचा गोली चौकटीतच नसतो, मग बघणार कुणाला? कादंबरीतही तेच होतं की! निवेदक ज्याच्यामागे जाईल त्याच्यामागे आपणही जातो. मग मी हट्टाने वाचताना तरी चेंडू सोडून बघायला लागले.

नेमकी तेव्हा हातात अल्बेर काम्यूची ‘द प्लेग’ होती, 1947 सालची. काम्यू स्वतः अल्जीअर्समध्ये गोलरक्षक होता. सतराव्या वर्षी क्षयाने गाठलं आणि खेळ सुटला. त्यामुळे कादंबरीत गोली सापडेल अशी माझी अटकळ होती. सापडला तो गोन्झालेस, आणि तो खेळतो सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीत. प्लेगमुळे ओरान शहराचं स्टेडियम संशयित रुग्णांची छावणी झालेलं असतं. गोन्झालेस तिकडे निघतो तेव्हा वाटेतला प्रत्येक खडा गटाराच्या तोंडात टोलवायला बघतो आणि खडा आत गेला की ‘एक-शून्य’ असं जाहीर करतो. त्या कादंबरीतल्या थोर चर्चा माझ्या निम्म्या विसरून झाल्यात. जाणकारांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, पण तो खडा काही डोक्यातून जात नाही. सामने बंद, शहर बंद, आणि हा गडी रस्त्यावर आघाडी घेतोय.

गोलींचाच विचार चालला की माझी गाडी ब्राझीलचा गोली बार्बोसा याच्यापाशी येऊन थांबते. 16 जुलै 1950, रिओचं मारकाना स्टेडियम, विश्वचषकाचा निर्णायक सामना. उरुग्वेशी नुसती बरोबरी केली तरी ब्राझील जगज्जेता होणार होता. ब्राझीलने पहिला गोलही केला. मग उरुग्वेच्या घिजाने उजवीकडून मुसंडी मारून चेंडू आत दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. 79व्या मिनिटाला घिजा पुन्हा तिथूनच आला. पुन्हा आतच देणार, म्हणून बार्बोसा गोलजाळीपासून जरासा पुढे सरकला आणि घिजाने जवळच्या खांबालगतच्या फटीतून चेंडू आत घातला. मागचं पान वाचून पुढचं ओळखायला जावं, हा माझाही नेहमीचा उद्योग. माझा अंदाज चुकला तर लेखकाला दाद देऊन मी पान उलटते. बार्बोसाला मात्र ते पान कुणी उलटूच दिलं नाही. 2000 साली तो वारला, तोवर त्याची ओळख त्या एका गोलचीच राहिली.

टीव्हीवर जमेना म्हणून मध्यंतरी प्रत्यक्ष मैदानावर गेले आणि एका गोलीवर नजर रोवून बसले. रिकामा उभा असेल असं वाटलं होतं, पण गड्याला उसंत नव्हती. चेंडू पलीकडे गेला की हा पेनल्टी क्षेत्राच्या रेषेपर्यंत यायचा, चेंडू डावीकडे गेला की हाही दोन पावलं डावीकडे, जणू दोघांच्या मध्ये दोरा बांधलाय. कुणालाही ऐकू जाणार नाहीत अशा सूचना ओरडायचा. मध्येच हातमोजे ओढायचा, बूट खांबावर आपटून माती झाडायचा.

तेवढ्यात सगळं मैदान उसळलं. त्याच्याच संघाने गोल केला होता आणि मी तो पाहिला नव्हता. पलीकडच्या कोपऱ्यात दहा जण एकमेकांच्या अंगावर कोसळले होते. इकडे हा दोन्ही मुठी वर करून वळला, मिठी मारायला आसपास कुणी आहे का ते बघितलं आणि शेवटी आडव्या दांड्याला उडी मारून लटकला.

गोल कुणी केला, ते मला शेजारच्या माणसाला विचारावं लागलं.